इंफाळचं हरिकेन: १/४८ मॉडेलच्या नोंदी

१ जून, रविवार

प्लास्टिक मॉडेलचा संच उघडला. हॉकर हरिकेन मार्क दोन-सी, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, प्रमाण १/४८. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ४० फूट, म्हणजे १२.१९ मीटर. मॉडेलमध्ये ते २५.४ सेंटिमीटर भरायला हवेत. खालचा पंख एकसंध आहे, तो टेबलावर ठेवून पट्टी लावली. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे. चालतंय.

साचा जुना आहे. कुपवाडला टूलरूममध्ये इतकी वर्षं काढल्यावर प्लास्टिकचा भाग हातात आला की आधी डाय, म्हणजे साचा दिसतो, मग भाग. पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याच्या जोडरेषेवर, फ्लॅशचा जादा पापुद्रा आलाय, चाकांच्या खोबणीत भाग ढकलून काढणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल ठसे आहेत, पंखाच्या जाड जागी जरासा सिंक, म्हणजे खळगा बसलाय. ही डाय आमच्याकडे आली असती तर आधी पॉलिशला पाठवली असती.

स्पिटफायर का नाही, हा प्रश्न घरातूनही आला. स्पिटफायर सगळेच करतात, हे एक. दुसरं म्हणजे १९४०च्या ब्रिटनच्या लढाईत शत्रूची जास्त विमानं हरिकेननं पाडली आणि नाव मात्र स्पिटफायरचं झालं. आणि तिसरं, खरं कारण: आपल्या वायुसेनेची पोरं ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हेच विमान उडवत होती. १ एप्रिल १९३३ला चार वापिटी विमानांवर उभी राहिलेली नंबर एक स्क्वाड्रन १९४४च्या फेब्रुवारीत इंफाळला गेली ती हरिकेन घेऊन. स्क्वाड्रन लीडर होते अर्जन सिंग, वय पुरतं २५सुद्धा नव्हतं. त्या वसंतातलं विमान करायचं ठरवलंय.

संचातल्या डिकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांच्या कागदावर युरोपातली चिन्हं आहेत, सगळी लालसकट. ती कामाची नाहीत. त्यामुळे खुणा रंगवूनच काढायच्या.

८ जून

कॉकपिट. हरिकेनच्या कॉकपिटला जमीन नाही. वैमानिकाच्या टाचा टेकायला दोन पन्हळी, बाकी खाली पोकळी. पेन्सिल हातातून सुटली की गेलीच तळाला. दोन्ही बाजूंना पोलादी नळ्यांचा सांगाडा उघडा दिसतो. संचात मात्र एक सपाट पत्रा दिलाय जमीन म्हणून. तो कापून टाकला आणि ०.५ मिमीच्या प्लास्टिक पट्टीतून पन्हळी केल्या. धड बंद झाल्यावर यातलं किती दिसेल? फार थोडं. पण आत खोटा पत्रा आहे हे मला माहीत असणार.

नळ्यांना ॲल्युमिनियम, वरच्या भागाला ब्रिटिशांचा ग्रे-ग्रीन. त्याच्यावर काळपट तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग. वैमानिकाला बांधायचे पट्टे औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाच्या पत्र्यातून कापले. तो पत्रा हवा तसा वळतो आणि वळवल्यावर तसाच राहतो, कागदासारखा उसळत नाही. बकलं बारीक तारेची. विमान चालवायच्या दांड्याची मूठ हरिकेनमध्ये कडीसारखी गोल असते. संचात ती भरीव आली होती, ०.६ मिमी ड्रिलनं मोकळी केली आणि सुई कानशीनं आतून गोल केली.

इन्स्ट्रुमेंट पॅनेलच्या मधोमध सहा मुख्य डायल: वेग, क्षितिज, चढ-उतार, उंची, दिशा, वळण. कोरडा ब्रश पांढऱ्यात बुडवून, रुमालावर जवळजवळ पुसून, उठावावरून फिरवला. डायलच्या कडा उजळल्या. प्रत्येक डायलवर क्लिअरचा थेंब टाचणीनं ठेवला, काच झाली.

१५ जून

धडाचे दोन भाग चिकटवले. पातळ सिमेंट कडेला टेकवलं की फटीत आपोआप धावत जातं, मग दाब द्यायचा. वितळलेलं प्लास्टिक फटीतून बारीक मण्यासारखं वर आलं पाहिजे. वाळल्यावर तेच खरवडून काढलं की जोड गायब.

आता या विमानाची खरी गंमत. १९३५च्या नोव्हेंबरात पहिलं हरिकेन उडालं तेव्हा धातूच्या कातडीची विमानं येऊ लागली होती. पण सिडनी कॅमनी जुन्या हॉकर विमानांची पद्धत सोडली नाही: नळ्यांचा सांगाडा, त्याच्यावर लाकडी कडी आणि उभ्या पट्ट्या, वरून लिननचं कापड. इंजिनापासून कॉकपिटपर्यंत धातूचे पत्रे, कॉकपिटच्या मागं शेपटापर्यंत कापड. पंख आधी कापडाचे होते, पुढे धातूचे झाले. गोळी कापडातून आरपार गेली तर ठिगळ लावून विमान परत उडवता यायचं. इंफाळसारख्या ठिकाणी याची किंमत काय असेल ते सांगायला नको.

म्हणजे मॉडेलच्या एकाच धडावर दोन वेगळे पृष्ठभाग दाखवायचे आहेत. मागच्या भागावर संचात पट्ट्यांचे उठाव आहेत, पण फार खोल. डायल गेज लावून पाहिलं तर ०.२ मिमीच्या आसपास. गुणिले ४८ म्हणजे खऱ्या विमानावर जवळपास १० मिमी खोल खड्डे! ताणून डोपचा, म्हणजे कापड कडक करणाऱ्या लेपाचा हात दिलेलं कापड इतकं झोळत नाही. आठशेचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून उठाव निम्म्यावर आणले. तिरका प्रकाश टाकल्यावर दिसावेत, समोरून जेमतेम. एवढंच हवंय.

२२ जून

पंख बसले. मुळाशी डाव्या बाजूला नख जाईल एवढी फट. लांबी भरली. सुतारांची नव्हे, मॉडेलची, पण काम तेच. भरायची, खाली बसू द्यायची, परत भरायची, मग घासायची. घाईनं घासली की ती कडेनं उचकटते.

तारीख लिहिताना लक्षात आलं. २२ जून १९४४लाच इंफाळ-कोहिमा रस्ता मोकळा झाला होता. मार्चअखेरीस जपान्यांनी तो तोडल्यापासून खोऱ्यातलं सैन्य विमानांनी आणलेल्या रसदीवर तगून होतं. आणि नंबर एकची हरिकेन त्या सगळ्या काळात टेहळणीला जात होती: खाली उतरून रस्ते, पूल, झाडांखालच्या गाड्या बघायच्या, फोटो काढायचे, परत यायचं. हवाई कुस्ती हे त्यांचं मुख्य काम नव्हतं. म्हणून माझ्या मॉडेलला शत्रूची विमानं पाडल्याची चिन्हं नकोत.

२९ जून

तोफा. दोन-सीच्या पंखांतून २० मिमीच्या चार हिस्पानो तोफांच्या नळ्या पुढे येतात आणि त्यांच्यावरची स्प्रिंग उघडी दिसते. संचातल्या नळ्या म्हणजे चार काड्या. टाकल्या.

मेडिकलमधून हिरव्या टोपीच्या, २१ गेजच्या कोऱ्या सुया आणल्या. बाहेरचा व्यास ०.८ मिमी, म्हणजे ४८ पटीत ३८-३९ मिमी, नळीला शोभेल असा. कटरनं सुई कापली तर तोंड दबतं. कटिंग डिस्कनं कापायची, तिरकं टोक काढायचं, तोंड ऑइलस्टोनवर सपाट करायचं. मग मोटार वाइंडिंगवाल्याकडून ३८ नंबरची तांब्याची तार घेतली, ०.१५ मिमी. सुईचं एक टोक पिन व्हाइसमध्ये धरलं, तारेला बोटांनी ताण ठेवला आणि व्हाइस हळूहळू फिरवत गेलो. वेटोळे एकाला एक लागून बसतात तेव्हा बोटाला कळतं, दिसायच्या आधी. नंतर स्प्रिंग दोन्ही टोकांनी जराशी ओढली की वेटोळ्यांत सारखं अंतर पडतं. सुपरग्लूचा ठिपका फक्त मागच्या टोकाला.

चारही सारख्या झाल्या. भाचीनं भिंगातून बघून विचारलं, "मामा, ह्या खऱ्या उडतात का?" स्प्रिंग दाबून दाखवली. खूश.

६ जुलै, आषाढी

बाहेर पाऊस धरूनच आहे. प्रायमर मारायचा म्हणून दार-खिडक्या लावल्या तर वासानं घरचे ओरडतात, उघडल्या तर ओल आत. सांगलीत जुलै महिन्यात रंगकाम म्हणजे हवेची मनधरणी. कॉम्प्रेसर दमट हवा दाबतो, पाणी सुटतं आणि एअरब्रशच्या तोंडातून रंगाबरोबर थेंब उडतात. मॉइश्चर ट्रॅप लावलाय. टाकीचा तळाचा नळ सोडला तर अर्धी वाटी पाणी निघालं!

वाळवायला खोकं केलंय. पुठ्ठ्याचं, वरून झाकण, आत साधा पिवळा बल्ब आणि थर्मामीटर. चाळीस अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, प्लास्टिकला बाक येतो. कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या. हे खोकं नसतं तर दिवाळीनंतरच रंगवायला बसलो असतो.

उपवासाची खिचडी खाऊन ग्रे प्रायमरचा पातळ हात दिला. प्रायमर चुगलखोर असतो. डाव्या पंखाच्या मुळाशी अजून एक केसाएवढी रेघ दिसतेय. परत लांबी.

१३ जुलै

गावभागातल्या गणपतीच्या कारखान्यात गेलो. मूर्ती रंगवणारे मामा वडिलांच्या ओळखीचे. कॉम्प्रेसरची बेल्ट कुठून घेता विचारायला गेलो होतो, दुपारभर तिथंच बसलो.

त्यांच्याकडे दोन प्रकारच्या मूर्ती. शाडूच्या आणि प्लास्टरच्या. मामा म्हणाले, "शाडू रंग पितीय, प्लास्टर पीत न्हाई. अस्तर एकच मारलं तर एका मूर्तीचं पितांबर मळकट दिसतंय, दुसऱ्याचं झगमग. गिऱ्हाईक म्हणतंय रंगात भेसळ केलीसा." म्हणून शाडूला अस्तराचे हात जास्त, प्लास्टरला कमी, आणि वरचा रंग तोच. लांबून दोन्ही सारख्या. जवळ गेलं की शाडूच्या अंगावर ऊन मऊ पडतं.

मला माझ्या धडाचं उत्तर मिळालं. पुढचे धातूचे पत्रे आणि मागचं कापड यांना रंग एकच होता, पण तो ज्याच्यावर बसलाय ते वेगळं. तेव्हा छटा बदलायची नाही, चकाकी बदलायची. पुढे किंचित सॅटिन, म्हणजे मंद चमक, मागे पूर्ण मॅट, म्हणजे बिनचमक.

त्यांनी माझा एअरब्रश हातात घेऊन उलटसुलट बघितला, हसले. त्यांची गन याच्या चौपट. पण धडा एकच दिला: "हात आधी हलू द्या, मग घोडा दाबा. सोडताना आधी घोडा, मग हात." थांबलेल्या हातानं रंग सोडला की सुरुवातीलाच ठिपका जमतो. एअरब्रशच्या पुस्तिकेत हेच पानभर लिहिलंय.

२० जुलै

खालची बाजू: मीडियम सी ग्रे. टामियाचा ॲक्रिलिक, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पातळ केलेला. तो पटकन उडतो, या हवेत त्याचाच आधार. दाब १५ पीएसआय. रंग किती पातळ, तर कपाच्या भिंतीवरून खाली सरकताना मागं पारदर्शक पापुद्रा राहावा इतका.

वरची बाजू: डार्क अर्थ, म्हणजे तपकिरी, आणि त्याच्यावर डार्क ग्रीनचे पट्टे. युरोपात १९४१च्या ऑगस्टपासून लढाऊ विमानांवरचा हा तपकिरी काढून करडा आणला, कारण लढाई समुद्रावर आणि उंचावर गेली होती. ब्रह्मदेशात खाली जंगल आणि माती, तिथं जुनीच जोडी कायम राहिली.

आज तपकिरी झाला. सपाट, एकसुरी दिसतो, म्हणून त्याच रंगात पांढऱ्याऐवजी बफचे, म्हणजे फिकट पिवळट रंगाचे दोन थेंब घालून पत्र्यांच्या मधोमध पुसट ढग सोडले. कापडाच्या भागावर ढग नाहीत. तिथं पत्रेच नाहीत तर पत्र्यांचे मध्य कुठून येणार? त्याऐवजी पट्ट्यांच्या उठावांवरून अगदी फिकट रेघा ओढल्या.

२७ जुलै

हिरवा. ब्रिटिश हवाई मंत्रालयानं हरिकेनच्या पट्ट्यांचा नकाशाच ठरवून दिला होता. एक 'ए', दुसरा त्याची आरशातली प्रतिमा 'बी'. नंतर 'बी' बंद केला. मी 'ए' घेतला. नकाशा झेरॉक्सवर मॉडेलच्या मापाला आणला आणि पेन्सिलीनं अंगावर उतरवला.

दोन रंगांमधली कड खऱ्या विमानावर फवाऱ्याची, मऊ असते, साधारण इंचभर. आपल्या मापात अर्धा मिलिमीटर. मास्किंग टेपनं कड धारदार येते, मोकळ्या हातानं धुरकट. म्हणून चिकट लगद्याच्या शेवेएवढ्या जाड सुरळ्या वळून सीमारेषेवर ठेवल्या, आतला भाग टेपच्या तुकड्यांनी झाकला. सुरळी गोल असल्यामुळे तिच्या पोटाखाली रंग जरासाच शिरतो. नेम सरळ वरून धरायचा. तिरका धरला की एका बाजूची कड रुंद होते.

मधेच लाइट गेली. टाकीत उरलेल्या हवेवर उजवा पंख पुरा केला, दाब पडत चालला होता तसा रंग खरबरीत होत गेला. तेवढा भाग दोन हजारच्या पेपरनं हलका घासून घेतला.

सुरळ्या काढल्यावर... हा क्षण मला कायम आवडतो. करडं-तपकिरी प्लास्टिकचं खेळणं एकदम विमान होतं.

२९ जुलै

नागपंचमी. सुट्टी नाही, काम नाही, रंगही नाही. पुरणाची दिंडं खाल्ली.

३ ऑगस्ट

राउंडेल, म्हणजे विमानावरची ओळखीची गोल खूण. आजचा दिवस या सगळ्या खटाटोपाचं कारण.

जपानी विमानांवर लाल सूर्याचा गोळा. ब्रिटिशांच्या राउंडेलमध्येही मधोमध लाल ठिपका. घाईत, उन्हात, झाडांच्या शेंड्यांवरून जाणाऱ्या विमानावर लाल दिसलं की खालचा किंवा वरचा कुणीही आपल्याच माणसावर गोळी झाडायचा. म्हणून या आघाडीवर राउंडेलमधला आणि शेपटावरच्या पट्ट्यातला लाल काढून टाकला. उरला गडद निळा आणि त्याच्या आत फिकट निळा, तो पांढऱ्यात निळा मिसळून केलेला. पुढे १९४५मध्ये पंखांवर आणि शेपटावर पांढरे पट्टेही आले, पण माझं विमान १९४४च्या वसंतातलं, त्याला ते नकोत. संग्राहकांकडच्या कितीतरी मॉडेलांवर हे पट्टे आणि १९४४ची तारीख एकत्र बघितलीय. बघवत नाही.

आकार १६ इंचाचा धरला. ४८नं भागलं तर ८.४७ मिमी. एवढं वर्तुळ कंपास-कटरनं टेपवर कापलं की मध्याला सुईचं भोक आणि कडेला सुरुवात-शेवटाची पायरी. ते नको म्हणून लेथवर पोकळ पंच केला, सिल्व्हर स्टीलचा. धार बाहेरून उताराची, आतून सरळ, म्हणजे कापलेलं वर्तुळ मापात येतं. लाल करून तेलात विझवला, पिवळसर होईपर्यंत टेम्पर केला. आतल्या फिकट वर्तुळासाठी दुसरा, छोटा. टेप नायलॉनच्या ठोकळ्यावर पसरून एक टोला. काठ असा की भिंगातही तंतू दिसत नाही.

रंगवायचा क्रम उलटा: आधी फिकट निळा, त्याच्यावर छोटी टिकली चिकटवायची, मग गडद निळा. टिकली मध्यात बसवण्यासाठी मोठ्या टेपच्या भोकावर आधीच दोन आडव्या-उभ्या रेघा. धडावरच्या राउंडेलला पट्ट्यांच्या उठावांवर टेप नीट बसत नव्हता. लाकडी दातकोरणीनं प्रत्येक उठावाच्या कडेनं दाबून घेतला.

संध्याकाळी शेजारचे सुभेदार आजोबा आले. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त, मणिपूरला राहून आलेले. चष्मा वर करून म्हणाले, "लाल रंग संपला का रे?" कारण सांगितलं. मान हलवली. मग सांगशाक म्हणाले, मणिपूरमधलं गाव. त्यांच्या पलटणींत हे नाव शिकवलं जातं. मार्च १९४४च्या उत्तरार्धात पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठ्यांची चौथी बटालियन तिथल्या टेकडीवर लढली आणि कोहिम्याकडे निघालेल्या जपानी डिव्हिजनचे मोलाचे दिवस खाल्ले. आपल्या साताऱ्या-सांगलीकडची, कोल्हापुराकडची पोरं त्या पलटणीत. वरून हरिकेन गेलं की त्यांनी मान वर करून आधी काय शोधलं असेल, तर लाल आहे की नाही.

"मग बरं केलंस काढलास ते," आजोबा म्हणाले आणि चहा मागितला.

१० ऑगस्ट

ग्लॉस क्लिअर वाळला. बारीक सूचनांची अक्षरं तेवढी डिकलची लावली, मऊ करणारं द्रावण ब्रशनं सोडलं, रेषांत बसली. मग वॉश. धातूच्या भागात पत्र्यांच्या सांध्यांत गडद तपकिरी ऑइल रंग, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून. कापडावर वॉश नाही, फक्त शेपटावरच्या हलत्या भागांच्या, रडर आणि एलेव्हेटरच्या बिजागऱ्यांच्या फटीत.

आता रंग उडालेल्या खुणा. इथं मला थोडं भांडायचंय. हल्ली मॉडेल म्हटलं की चंदेरी टिकल्यांचा सडा. लोक स्पंज चांदीच्या रंगात बुडवतात आणि नाकापासून शेपटापर्यंत थापटत सुटतात. हरिकेनच्या कॉकपिटमागं चांदी येणार कुठून? कापडाखाली ॲल्युमिनियमचा पत्रा नाही. तिथला रंग झिजला तर डोपचे खालचे हात दिसतील आणि ते टवके म्हणून नव्हे, पुसट डाग म्हणून. पंख्याचंही तसंच. रोटोल कंपनीची पाती कितीतरी हरिकेनांवर दाबलेल्या लाकडाची. लाकूड टवकलं की लाकूड दिसतं. टवका मारण्याआधी रंगाखाली काय आहे ते ठरवायला हवं. मूर्तीवाल्या मामांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणून चांदी फक्त तीन जागी. इंजिनाच्या झाकणांच्या स्क्रूंभोवती, पंखाच्या पुढच्या कडेला तोफांजवळ, आणि डाव्या पंखाच्या मुळाशी. डाव्याच, कारण वैमानिक डावीकडून चढतो, पायरी तिकडे असते. उजव्या मुळाशी मेकॅनिकच्या बुटांचा मळ, टवके नाहीत. चांदी म्हणून चांदीची पेन्सिल वापरली, टोक करून. ब्रशपेक्षा ताब्यात राहते.

इंजिनाच्या नळकांड्यांच्या धुराचा पट्टा फिकट राखाडी-तपकिरी. शिसं असलेल्या इंधनाच्या धुराचा डाग असाच फिकट पडतो. पट्टा पंखाच्या वरून मागं कापडापर्यंत नेला आणि तिथं विरला.

१५ ऑगस्ट

सकाळी झेंडावंदन, दुपारी कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरचं काचेचं झाकण. चौकटी टेपच्या पट्ट्यांनी झाकून आधी आतला ग्रे-ग्रीन, मग बाहेरचा रंग, म्हणजे काचेतून आत बघितल्यावर चौकट आतल्या रंगाची दिसते. चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल. सुपरग्लूची वाफ काचेवर धुकं धरते.

पात्यांच्या टोकांना ४ इंच पिवळा, आपला २.१ मिमी.

२० ऑगस्ट

कोयनेतून विसर्ग वाढवलाय, कृष्णा चढतेय. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. गावात दुसरा विषय नाही. आमचं घर विश्रामबागेत, उंचावर. मामांचा कारखाना गावभागात. गणपती आठवड्यावर आलेत. दुपारनंतर रजा टाकून मूर्ती माडीवर चढवायला गेलो. आखणी झालेल्या आधी, कोऱ्या नंतर. शाडूची मूर्ती धरायची कशी हे आज कळलं. पाटासकट, पोटाशी. हाताला धरायचं नाही.

मॅट कोट अर्थातच नाही. या हवेत मॅट मारला तर पांढरी बुरशी आल्यासारखा थर बसेल.

२४ ऑगस्ट, रविवार

पाणी उतरलं. सकाळी अकराला ऊन पडलं आणि ते दुपारपर्यंत टिकलं. खोक्यात विमान आधी तासभर गरम करून घेतलं, कॉम्प्रेसरची टाकी रिकामी केली आणि गच्चीवर जाऊन मॅट मारला. मागच्या कापडावर दोन हात, पुढच्या धातूवर मॅटमध्ये सॅटिन अर्धंअर्धं मिसळून एक. उन्हात तिरकं धरलं. कॉकपिटच्या मागच्या रेषेवर प्रकाश बदलतो. रंग तोच. हेच पाहिजे होतं.

चाकं, तोफा, पंखा बसवला. चाकांना खाली किंचित सपाट केलंय, वजन दिसावं म्हणून. कॅनपी मागं सरकवून उघडी ठेवली. पन्हळी दिसतात, अगदी डोकं घालून बघितलं तर.

मामा मूर्तींतून वेळ काढून आले. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग मागच्या भागावरून बोट न टेकवता फिरवत म्हणाले, "ह्ये कापाड हाय व्हय?" पुढं काही विचारलं नाही.

राउंडेलचे दोन्ही पंच तेल लावून डबीत ठेवले. पुढचं विमान ठरलंय, वेंजन्स, सूर मारून बॉम्ब टाकणारं. तेही याच आघाडीवरचं, तिथंही लाल नाही.

काचेच्या पेटीचं माप दिलं: ३२ बाय २८ बाय १२ सेंटिमीटर. काचवाला म्हणतो, गणपतीच्या मखरांची कामं आहेत, विसर्जनानंतर या. तोवर विमान कपाटावर, साडीच्या खोक्यात. खोक्यावर भाचीनं स्केचपेननं लिहिलंय: हात लावू नये, मामा ओरडतो.